ओतकाम: रायझर मोठा केला आणि श्रिंकेज वाढलं, असं का झालं असेल?

ओतारीण

नमस्कार मंडळी.

गोव्यात कुंडईला आमची लहानशी फाउंड्री आहे. बाबांनी सुरू केली, गेली सहा वर्षं मी बघते. एके काळी सगळं काम खाणींचं असायचं, बार्जचे पार्ट, कन्व्हेयरच्या पुल्या. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुढे थोड्या सुरू झाल्या. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्या, तेव्हा ते काम संपलंच. मग आम्ही पंपांकडे वळलो.

आता अडचण सांगते. पंपाचं केसिंग आहे, ग्रे आयर्न म्हणजे करडं बीड, एफजी २६० ग्रेडचं, वजन ४६ किलो. भिंत १२ मिमी, फ्लँज (बोल्ट बसवायची जाड कड) ३४ मिमी जाड आणि ६० मिमी रुंद. ग्रीन सँडचा साचा. फ्लँजचं तोंड मशिनवर घेतलं की भिंतीच्या सांध्याजवळ काळपट, स्पंजासारखा भाग उघडा पडतो. मला ते श्रिंकेज वाटतं, म्हणजे गोठताना रस आकसून राहिलेली पोकळी. आधी बाजूला ७५ मिमीचा रायझर होता, तेव्हा शंभरात आठ-नऊ नग जायचे. मी रायझर ११० चा केला, रायझर आणि नग जोडणारी नेकही रुंद केली, ३२ बाय ५५. आता शंभरात वीस जातात!

कार्बन ३.३, सिलिकॉन २.०. ओततो १३८० अंशांना. जूनपासून प्रमाण वाढलंय, हेही सांगून ठेवते.

माझा समज असा की रायझर म्हणजे रसाची, वितळलेल्या धातूची, टाकी. टाकी मोठी केली तर जॉबला, म्हणजे ओतल्या जाणाऱ्या नगाला, जास्त रस मिळायला हवा. मग उलटं का झालं? परत आलेले नग गेटाशी उतरवताना बघवत नाहीत. पहाटे चारला भट्टी लावणाऱ्या माणसांचे हात आहेत त्यात.

शिरोलीकर

ताई, आधी एक नग कापा बघू. बरोबर सांध्यातून, रायझरच्या नेकसमोर, उभा काप घ्या. मशिनवर जे दिसतंय त्यावरून काही बोलू नका, कारण तिथं फक्त वरचं तोंड उघडं पडलेलं असतं.

भोक गोल, आतून गुळगुळीत आणि चकचकीत असेल तर तो गॅस. वेडंवाकडं, खरखरीत असेल तर श्रिंकेज. दोघांची औषधं वेगळी. आमच्याकडं शिरोलीत एका जॉबवर तीन महिने रायझर बदलत बसलेली माणसं मी बघितल्यात, आणि शेवटी निघालं काय, तर कोअरमधला, म्हणजे नगाच्या पोकळीसाठी साच्यात बसवतात त्या वाळूच्या गाभ्यातला, गॅस.

केपेकरीण

मी शाळेत विज्ञान शिकवते, फाउंड्री आतून कधी पाहिलेली नाही. पण धागा वाचून राहवलं नाही म्हणून विचारते. पाणी गोठताना फुगतं हे मुलांना आम्ही शिकवतो. लोखंड आकसतं का? आणि रायझर म्हणजे नक्की काय?

लोहभस्म

केपेकरीणताई, प्रश्न अगदी मुळावरचा आहे. ओतारीणताईंच्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच दडलेलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी चाळीस वर्षं धातूंच्या चाचण्यांत घालवली, आता निवृत्त होऊन म्हापशाला राहतो.

धातू तीन टप्प्यांत आकसतो. आधी पातळ असतानाच थंड होताना, मग पातळाचा घट्ट होताना, आणि शेवटी घट्ट झाल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत. तिसऱ्या टप्प्यासाठी पॅटर्न थोडा मोठा करतात. ग्रे आयर्नला मीटरमागे साधारण १० मिमी, स्टीलला २० मिमी. पण पहिल्या दोन टप्प्यांची तूट पॅटर्न मोठा करून भरत नाही, तिथे बाहेरून रस द्यावा लागतो. अ‍ॅल्युमिनियम गोठताना सुमारे साडेसहा टक्के आकसतं, स्टील तीनच्या आसपास. ही तूट भरण्यासाठी जॉबला जोडलेला रसाचा साठा म्हणजे रायझर.

आता क्रमाचं बघू. शिवरायांच्या त्या लोककथेतली म्हातारी सांगते ना, गरम भात मधोमध हात घालून खाऊ नये, कडेने खावा? साच्यातही कड आधी निवते, जाड मध्य शेवटी. आपल्याला हवं ते असं, की जॉबचा रायझरपासून लांबचा भाग आधी गोठावा, मग जवळचा, आणि सगळ्यात शेवटी रायझर. ही ओळ कुठे तुटली की तुटल्या जागेपलीकडचा रस उपाशी राहतो आणि तिथे पोकळी पडते.

कोण आधी गोठणार याचा हिशोब निकोलस ख्वोरिनोव्ह या चेक अभियंत्याने १९४० मध्ये मांडला. गोठायला लागणारा वेळ हा घनफळ भागिले थंड होणारं क्षेत्रफळ, या भागाकाराच्या वर्गाच्या पटीत असतो. या भागाकाराला आपण मॉड्युलस म्हणतो.

तुमचीच मापं घेतो. १२ मिमीच्या भिंतीचा मॉड्युलस जाडीच्या निम्मा, म्हणजे ०.६ सेमी. फ्लँजचा छेद ३४ बाय ६० आणि एका बाजूला भिंत चिकटलेली, म्हणून सुमारे १.१५ सेमी. भागाकार १.९, त्याचा वर्ग ३.६ च्या पुढे. भिंत गोठायला एक मिनिट लागलं तर फ्लँजला साडेतीन मिनिटांहून जास्त. भिंत लवकर बंद होते, त्यामुळे फ्लँजला भिंतीतून काहीच मिळणार नाही. जे काही मिळेल ते रायझरच्या नेकमधून.

शिरोलीकर

हिशोब पटला. मग रायझरचा मॉड्युलस फ्लँजच्या १.२ पट पाहिजे, म्हणजे १.४ सेमी. व्यासाच्या दीडपट उंचीचा रायझर धरला तर ७५ मिमीला बरोबर १.४ येतो. म्हणजे ताईंचा जुना रायझर मापात होता की!

लोहभस्म

मापात होता. ११० चा केल्यावर मॉड्युलस २ च्या वर गेला. रस भरपूर झाला, पण तो रस एका रुंद नेकमधून फ्लँजला चिकटून बसला. नेकभोवतीची वाळू दोन्हीकडून तापते, तिथून उष्णता जायला वाटच राहत नाही. त्यामुळे नेकसमोरचा फ्लँजचा भाग आजूबाजूच्या फ्लँजपेक्षाही उशिरा गोठायला लागला. म्हणजे ताईंनी टाकी मोठी केली आणि तिच्याबरोबर एक नवीन तापलेली जागाही तयार केली.

माझा अंदाज आहे, नग कापल्यावर पोकळी बरोबर नेकसमोर सापडेल.

ओतारीण

तुमचं लिहिणं वाचून सकाळी लगेच एक नग हॅकसॉ मशिनवर चढवला.

अगदी तिथेच आहे. नेकच्या बरोबर समोर, सांध्याच्या आतल्या कोपऱ्यात, माझ्या अंगठ्याच्या पेराएवढी पोकळी. घरून आईचा पोथी वाचायचा भिंग नेला होता, त्यातून पाहिलं. आत बारीक बारीक झाडं उगवल्यासारखी दिसतात. मिरामारच्या किनाऱ्यावर सुरूची झाडं आहेत ना, मधे एक दांडा आणि दोन्ही बाजूंना फांद्या, हुबेहूब तशी. करड्या रंगाची, टोकं लखलखणारी. भट्टीवर काम करणाऱ्या सगळ्यांना बोलावून दाखवलं. आमचे मोल्डर काका गेली तीस वर्षं साचे भरतात, त्यांनीही कधी इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. बराच वेळ भिंग त्यांच्याच हातात होता.

लोहभस्म

ती झाडं म्हणजे डेंड्राइट. धातू गोठताना स्फटिक असेच फांद्या टाकत वाढतात. एरवी फांद्यांमधली जागा उरलेल्या रसाने भरून जाते, म्हणून दिसत नाहीत. तुमच्या पोकळीत शेवटचा रस पोचलाच नाही, म्हणून झाड उघडं राहिलं. श्रिंकेजचा याहून पक्का पुरावा नसतो. गॅसचा प्रश्न मिटला.

शिरोलीकर

मग आता सरळ उपाय. सांध्याच्या आतल्या कोपऱ्यात चिल लावा. बिडाचा तुकडा, कोपऱ्याच्या गोलाईला घासून बसणारा. तिथली उष्णता तो ओढून घेईल, कोपरा आधी गोठेल, विषय संपला.

लोहभस्म

शिरोलीकर, इथे थोडं थांबा. स्टीलला हा उपाय मी डोळे मिटून सांगितला असता. ग्रे आयर्नमध्ये चिल जपून वापरावा लागतो. लोखंड फार वेगाने थंड झालं तर कार्बनला ग्रॅफाइट व्हायला वेळ मिळत नाही, तो लोखंडाशी जुळून सिमेंटाइट हे कठीण संयुग होतो आणि बीड पांढरं पडतं. मग फ्लँजला बोल्टची भोकं पाडताना ड्रिल तुटतील. श्रिंकेज जाईल आणि मशिनशॉपची तक्रार येईल.

शिरोलीकर

साहेब, मान्य. पण मी काही तांब्याचा ठोकळा लावा म्हणत नाही. चिलची जाडी सांध्याच्या जाडीच्या निम्म्यापर्यंत ठेवायची, भोकांच्या वर्तुळापासून लांब ठेवायचा. वर इनॉक्युलेशन, म्हणजे ग्रॅफाइट नीट व्हावं म्हणून ओतण्याआधी रसात थोडा मसाला टाकणं, नीट असेल तर पांढरं पडत नाही. आमच्याकडं रोज शेकडो नग असे जातात. ताई, इनॉक्युलंट कधी टाकता?

ओतारीण

फेरोसिलिकॉन, ०.३ टक्के, भट्टीतून मोठ्या लॅडलमध्ये (रस न्यायच्या भांड्यात) घेतानाच. त्यातून तीन लहान लॅडल भरतो. शेवटचा साचा भरेपर्यंत चौदा-पंधरा मिनिटं होतात.

शिरोलीकर

मग शेवटच्या साच्यांत त्याचा असर निम्माही उरत नसणार. टाकल्यापासूनच ते उतरायला लागतं. लहान लॅडलमध्ये टाका, आणि जमलं तर ओततानाच्या धारेत थोडं बारीक सोडा. वेज टेस्ट घेता का? पाचरीसारखा लहान तुकडा ओतायचा, मोडायचा, टोकाशी पांढरा भाग किती मिमी आला ते मोजायचं. पहिल्या लॅडलचा एक आणि शेवटच्या लॅडलचा एक असे घ्या.

डिचोलीचो कांसार

मी लोखंडातला नाही. आमचं घराणं डिचोलीचं, समया आणि देवळातल्या घंटा. वडिलांपर्यंत चाललं, मी बँकेत नोकरी केली. पण लहानपणी आजोबांच्या शेजारी बसून जे पाहिलं ते या धाग्यात आज पहिल्यांदा उलगडलं, म्हणून लिहितोय.

घंटा ओतून झाली की आजोबा साच्याच्या तोंडावर भाताच्या तुसाची राख घालायचे, ताटभर. तूस नसला तर नारळाच्या सोडणांची राख. आम्ही पोरं विचारायचो, हे कशाला? म्हणायचे, "वयल्या रसाक न्हिदूंक दिवंक जायना." वरच्या रसाला झोपू द्यायचं नाही. मग लोखंडाची सळी लालबुंद तापवून त्या तोंडात खालीवर करत राहायचे, हळूहळू, रस जड लागेपर्यंत. सळी थंड असली तर मोठ्याने ओरडायचे. घाईने सळी काढली म्हणून एकदा काकांना सगळ्यांदेखत बोल लावला होता. ती घंटा वरच्या कड्याशी पोकळ निघाली आणि परत वितळवली.

आज कळलं, ते रायझर जागा ठेवत होते.

लोहभस्म

कांसारबाब, हे लिहिल्याबद्दल देव बरें करूं. तुमच्या आजोबांनी केलं ते आजही पुस्तकी शिस्तीतच बसतं. राखेने वरून उष्णता जाणं थांबतं, सळीने वरची साय फुटते आणि हवेचा दाब आतल्या रसापर्यंत पोचतो. हवेचा दाब नसेल तर रस खाली सरकत नाही. आज बाजारात रायझरभोवती बसवायच्या स्लीव्ह मिळतात, इन्सुलेटिंग म्हणजे उष्णता धरून ठेवणाऱ्या आणि एक्झोथर्मिक म्हणजे स्वतः उष्णता देणाऱ्या, त्या हेच काम करतात. स्लीव्ह लावली की रायझर लहान ठेवूनही तो उशिरा गोठतो. ओतारीणताईंनी तोही पर्याय ध्यानात ठेवावा.

खारवी

धागा छान चाललाय, माझाही प्रश्न टाकतो. आमचे दोन ट्रॉलर आहेत, कुटबणला. समुद्राच्या पाण्याचे व्हॉल्व्ह गनमेटलचे घेतो. नवे कोरे व्हॉल्व्ह दाब दिला की पाझरतात, पण बाहेरून एक भोक दिसत नाही. घाम फुटावा तसं पाणी येतं. विकणारा म्हणतो ओतताना कमी गरम होतं. खरं का?

लोहभस्म

खारवीबाब, गनमेटलची प्रकृतीच वेगळी. शुद्ध धातू एका ठरावीक तापमानाला गोठतो. ८५-५-५-५ गनमेटल, म्हणजे तांबं ८५, कथील, शिसं आणि जस्त पाच-पाच टक्के, गोठायला सुरुवात करतं सुमारे १०१० अंशांना आणि पूर्ण घट्ट होतं ८५० च्या आसपास. दीडशे अंशांच्या या पट्ट्यात ते ना पातळ ना घट्ट, पेजेसारखं असतं. या पेजेतून रायझरचा रस लांबवर जाऊच शकत नाही. त्यामुळे एक मोठी पोकळी न पडता जॉबभर केसासारखी बारीक भोकं पडतात आणि एकमेकांना जोडली जातात. पाणी त्यातून येतं.

तिथे रायझर कितीही मोठा करा, उपयोग थोडाच. चिल लावून एका टोकाकडून वेगाने गोठवत आणलं तर पेजेचा पट्टा अरुंद होतो. जास्त गरम ओतलं तर बहुधा पाझर वाढतो, त्यामुळे विकणाऱ्याचं म्हणणं मला पटत नाही. तुमच्या कामाला अ‍ॅल्युमिनियम ब्राँझही चालतं. त्याचा गोठण्याचा पट्टा अगदी अरुंद, पोकळी एकाच जागी येते आणि रायझरमध्ये ढकलता येते. मात्र ओतताना त्याची साय फार पडते, धार शांत ठेवावी लागते.

केपेकरीण

पेजेचं उदाहरण उद्याच वर्गात सांगणार.

चिखलीचा मुलगा

मी इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. घरामागे लहान भट्टी केलीय, अ‍ॅल्युमिनियमचे डबे आणि जुने पिस्टन वितळवतो. समुद्रकिनाऱ्याची वाळू आणून साचा केला तर चालेल का? माझ्या तुकड्यांत सगळीकडे टाचणीएवढी भोकं येतात.

शिरोलीकर

भावा, पहिलं काम, ती वाळू परत ठेव. त्यात शिंपल्यांचा चुरा असतो, तापला की त्यातून गॅस सुटतो. मीठ असतं, ते हवेतलं पाणी ओढतं. आणि किनाऱ्यावरची वाळू काढायला कायद्यानं बंदी आहे.

दुसरं, आणि हे फार जीव तोडून सांगतोय: ओल्या साच्यात, ओल्या सळईनं, सिमेंटच्या फरशीवर कधी ओतू नकोस. पाण्याची एका क्षणात वाफ होते आणि रस अंगावर उडतो. माझ्या शेजारच्या माणसाचा डोळा गेलाय. खाली कोरड्या वाळूचा थर, पायात चामड्याचे बूट, तोंडावर जाळी किंवा शील्ड. पावसाळ्यात उघड्यावर ओतूच नकोस.

लोहभस्म

शिरोलीकरांचा शब्द न् शब्द पाळ बाळा. टाचणीच्या भोकांबद्दल: ती हायड्रोजनची आहेत. वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम हवेतल्या वाफेतून हायड्रोजन घेतं आणि गोठताना त्याची सामावण्याची ताकद जवळजवळ वीसपट कमी होते. उरलेला वायू जाणार कुठे? आपल्याकडे जुलैत हवा अशी दमट की घरातली पापडं मऊ पडतात, मग रसाचं काय. भंगार आधी वाळव, तेल पुसून काढ, रस ७४० च्या वर नेऊ नको आणि उगाच ढवळू नको. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये सरांसमोर एकदा ओतून बघ, एकटा करू नको.

पेडण्याचा वाटसरू

अवांतर: विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ १५४९ मध्ये आपल्या अहमदनगरला ओतलेली, वजन सुमारे ५५ टन. तेवढा रस एका साच्यात, न थांबता. आणि आपल्याकडे जुन्या गोव्याच्या सी कॅथेड्रलमधली सुवर्णघंटा १६५२ ची, कुंकळ्ळीला ओतलेली. कॅथेड्रलचा एक मनोरा १७७६ मध्ये पडला, घंटा दुसऱ्या मनोऱ्यात आहे. तिचा आवाज ऐकलाय मी. मॉड्युलस माहीत नसताना या लोकांनी हे कसं जमवलं असेल, याचा विचार करत आज जेवलो.

डिचोलीचो कांसार

घंटेचं कांसं म्हणजे तांबं अंदाजे ७८, कथील २२. त्यातही थंड करण्यावर सगळं आहे. तेच कांसं लाल तापवून पाण्यात बुडवलं तर ठोकता येण्याइतकं नरम होतं, वाट्या-थाळ्या तशाच करतात. हळू थंड होऊ दिलं तर काचेसारखं फुटतं. लोखंडाच्या बरोबर उलट! पोलाद लाल करून पाण्यात घातलं तर कडक होतं. आजोबा म्हणायचे कांसं आणि पोलाद एका घरात नांदत नाहीत.

मडकईकर

थंड करण्याचा विषय निघालाच आहे तर गोठल्यानंतरचंही लिहितो. मी भाताच्या गिरणीची कामं करायचो. एकदा घाईची ऑर्डर होती म्हणून सहा आऱ्यांची पुली लालसर असतानाच साच्यातून काढली. रात्री अकरा वाजता शेडमध्ये बंदुकीसारखा आवाज झाला. सकाळी बघतो तर एक आरा मधोमध तुटलेला. कुणी हातसुद्धा लावला नव्हता.

आरे बारीक, ते आधी थंड होऊन ताठ झाले. मधला हब जाड, तो नंतर आकसला आणि आऱ्यांना आत ओढत राहिला. जुन्या पुल्यांचे आणि फ्लायव्हीलचे आरे वाकडे का असतात ते मला त्या सकाळी समजलं. वाकडा आरा थोडा उलगडतो आणि ताण सोसतो. तेव्हापासून नग साच्यातच काळा पडू देतो. ताई, तुमच्या केसिंगमध्येही १२ आणि ३४ चा फरक आहे, लवकर नॉकआउट करू नका.

फोंड्याचा पोर

मी फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकतो. ओतारीणताई, ड्रॉइंग चालत असेल तर सिम्युलेशन करून देतो. आयआयटी मुंबईने ई-फाउंड्री नावाने शिकण्यासाठी सोय केलेली आहे, तिथे साध्या आकारांवर हात बसवलाय. कुठला भाग शेवटी गोठतो ते रंगांत दिसतं. रुंद नेक आणि बारीक नेक दोन्ही टाकून बघू.

ओतारीण

जरूर. ग्राहकाची परवानगी घेऊन फक्त फ्लँज, सांधा आणि रायझर एवढाच भाग देते.

लोहभस्मकाका, एक विचारायचं राहिलं. जूनपासून का वाढलं? नेक तर मी ऑगस्टमध्ये रुंद केली, तोवरही आठ-नऊ होतेच. एप्रिल-मेमध्ये चार-पाच असायचे.

लोहभस्म

हा धागा मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. वाळूचा ओलावा आणि साच्याचा कडकपणा मोजता का?

ग्रे आयर्न गोठताना एक गंमत होते, ती स्टीलमध्ये नाही. ग्रॅफाइटची घनता लोखंडाच्या एक तृतीयांशाहून कमी. गोठताना ग्रॅफाइट बाहेर पडलं की ते जागा मागतं आणि आतून फुगवटा येतो. हा फुगवटा आकसण्याची बरीच तूट स्वतःच भरून काढतो, फक्त दोन अटी. साचा घट्ट पाहिजे, नाहीतर भिंत बाहेर सरकते आणि फुगवटा फुकट जातो. आणि नेक वेळेवर बंद झाली पाहिजे, नाहीतर तोच दाब रसाला उलटा रायझरमध्ये ढकलतो. स्टीलसाठी जॉब, नेक, रायझर यांचं प्रमाण १ : १.१ : १.२ धरतात. ग्रे आयर्नला नेक त्याहून बरीच बारीक चालते आणि हवीही असते. तुमची नेक रुंद आणि पावसात वाळू ओली, मऊ. दोन्ही अटी मोडल्या.

शिरोलीकर

हे मात्र मी शिकलो. आमचा निम्मा धंदा स्टीलचा, त्याच डोक्यानं बघत होतो. चिल नंतर, आधी नेक आणि वाळू. पण ताई, सगळं एकदम बदलू नका, नाहीतर कशानं बरं झालं ते कधीच कळणार नाही.

ओतारीण (पाच आठवड्यांनी)

उशीर झाला, मधे चतुर्थी होती, आठ दिवस भट्टी बंद.

एकेक करून बदललं. आधी मोजलं: वाळूचा ओलावा ५.२ टक्के, साच्याचा कडकपणा ७० च्या आसपास. शेडच्या एका बाजूने पावसाची झड येत होती आणि वाळूचा ढीग तिथेच होता. ढीग हलवला, पत्रा लावला, ओलावा ३.५ वर आणला. कडकपणा ८५ ते ८८. फक्त एवढ्यावर पन्नासात सात गेले, म्हणजे वीस टक्क्यांवरून चौदावर.

मग रायझर पुन्हा ८० चा केला आणि नेक २० बाय ४०. फोंड्याच्या पोराने सिम्युलेशनमध्ये आधीच दाखवलं होतं, रुंद नेकमध्ये शेवटचा लाल ठिपका जॉबच्या आत, बारीक नेकमध्ये तो रायझरकडे सरकलेला. पन्नासात तीन.

तिसऱ्या खेपेला इनॉक्युलंट लहान लॅडलमध्ये. पहिल्या आणि शेवटच्या लॅडलच्या पाचरी मोडून पाहिल्या. आधी शेवटच्या पाचरीत पांढरा भाग ९ मिमी यायचा, आता दोन्हींत ४. ऐंशी नगांत दोन गेले, त्यातला एक वाळू पडल्यामुळे.

बिडाचा चिल करूनही पाहिला, पण सकाळी बसवलेला चिल ओतेपर्यंत घामेजतो आणि त्याच्या अंगावर भोकं आली. म्हणून सध्या चिल नाही. ग्रॅफाइटचा एक ठोकळा मागवला आहे, त्याला गंज नाही. तो पाऊस असतानाच लावून बघणार.

मोल्डर काकांनी तो कापलेला नग भंगारात टाकू दिला नाही. घासून, तेल लावून साचे भरायच्या जागेशेजारी ठेवलाय. भिंगही तिथेच आहे. आईला पोथीसाठी नवा आणला.

डिचोलीचो कांसार

ताई, त्या ८० च्या रायझरवर तुसाची राख टाकून बघाल का एकदा? आमच्याकडे भात मळणीला येईल आता. गोणीभर पाठवतो.

ओतारीण

पाठवा कांसारबाब. आमचा रायझर झाकलेला आहे, पण कोपमधून, म्हणजे साच्याच्या वरच्या भागातून, वर उघडा करता येईल. दहा साचे राखेचे, दहा बिनराखेचे, एकाच हीटमधले (भट्टीच्या एकाच खेपेच्या रसाचे). कापून फोटो इथेच टाकते.